मधली एक फेरी

ओदार्तेई हरला त्याला आज तीन दिवस झाले,
पण बुकोमच्या गल्लीत, माझ्या दुकानात,
अजून सहावीच फेरी चालू आहे.

क्पाक्पो म्हणतो, डावा हात खाली आला
तिथेच सगळं बिनसलं.
अर्ध्या पावाने तो हवेला ठोसे दाखवतो.
"बरगड्या धरायच्या होत्या. झाड बुंध्याशी तोडतात."
"तू कधी तोडलंयस झाड?" लांप्टे खेकसतो,
"लांबून खेळला असता
तर झक मारत गुण द्यावे लागले असते."
जाळं सांधता सांधता म्हातारा नुनू
एवढंच पुटपुटतो, पंच परके होते.
हे मात्र सगळ्यांना पटतं.

समोरच्या भट्टीतून मासळीचा धूर आत येतो.
मी कोणाची बाजू घेत नाही,
गिऱ्हाईक दोन्हीकडचं.

मग तो स्वतःच आला. दाढी करायला.
बाकडं एकदम गप्प.
डावा गाल पिकल्या पपईसारखा,
वस्तरा मी कडेकडेने नेला.
आरशातल्या आम्हा सगळ्यांकडे बघत तो म्हणाला,
"बारावीची घंटा झाली,
मला वाटलं अकरावीचीच.
दम राखून ठेवला होता रे शेवटच्यासाठी.
मधली एक फेरी कुठे गेली?
तुम्ही तर बघत होतात."

कोणी बोलेना.
साबणाचा फेस त्याच्या कानामागे वाळत चालला.
क्पाक्पोने पाव खाली ठेवला,
बोटांवर फेऱ्या मोजायला घेतल्या,
सातपाशी अडला,
पुन्हा पहिलीपासून.