शंभरात चौदा

लॅबमध्ये नाव लिहीत नाहीत, नंबर लिहितात.
एकशे सदतीस. वय सात. मुलगा.
काचेवर थेंब ओढताना माझा हात हलला नाही,
हे मी नंतर स्वतःलाच दोनदा सांगितलं.

लिशमन ओतलं, घड्याळ लावलं.
खिडकीबाहेर, बायपासच्या पलीकडे, पथारी.
नंदुरबारला डिसेंबरात जमीन दिसत नाही,
मिरची दिसते.
त्या लालात कुठेतरी माझ्या सासूबाई,
तोंडाला पदर बांधून देठ खुडत.

रात्री तीनला त्याच म्हणाल्या होत्या,
"मन्हा लुगडामा मिरची शे. मीच लई येस घर."
आणि भाग्येश गादीवर, हात गुडघ्यांना टेकून,
गळ्याच्या खळगीत कातडी ओढली जातेय,
छातीत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवतंय.
आत गेलेला श्वास बाहेर यायला तयार नाही.

तेलाचा थेंब. शंभराचं भिंग.
एक पेशी, एक कळ. शंभर झाल्या की यंत्र वाजतं.
न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल,
मग हा:
दोन काचांच्या चष्म्यासारखं केंद्रक
आणि अंगभर केशरी दाणे, ठासून,
जसं मिरचीत बी.
इओसिनोफिल.
रंग त्याचा नाही. मीच ओतलेला.
अजून एक.
अजून.

कॉलेजात पाठ केलं होतं:
यांची नेमणूक जंतांसाठी. दाण्यांत विष, राखीव.
जंत भेटला नाही, नुसती धूळ भेटली,
तरी हे विष सांडतात. घरातच, नळीच्या भिंतीवर.
हिस्टामिन त्यांच्याआधीच येऊन
आरडाओरडा करून निघून गेलेलं असतं.
ल्युकोट्राईन मुक्काम करतात.
नळीभोवतीचा स्नायू आवळतात,
भिंत सुजते, चिकटा पाझरतो,
आणि पोराच्या वाट्याला उरते
पेनातल्या रिफिलएवढी वाट.
परीक्षेत पाच मार्कांना होतं हे.
मला साडेचार मिळाले होते.

चौदा.
दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजले. पंधरा.
चौदा लिहिलं.
पाडवीला म्हटलं, सही तू कर.

डॉक्टर वळवी रिपोर्टच्या पाठीवर नळी काढतात,
सगळ्यांनाच काढून देतात, मलाही दिली.
"मिरची फक्त काडी ओढते, ताई.
कडबा आतच रचलेला आहे.
पेटल्यावर धावू नका. रोज ओला ठेवा."
म्हणजे पंप, रोज, बरं असलं तरी.
झोपताना चघळायची गोळी, चेरीच्या चवीची.
भाग्येशने चेरी पाहिलेली नाही.
तो म्हणतो, गुलाबी लागते.

कडबा कुणाचा, हे त्यांनी विचारलं होतं.
घरात कुणाला दमा, खाज, शिंका?
मी म्हटलं, नाही.
माझ्या कोपरांच्या आतल्या घडीत
नऊ वर्षांची होईपर्यंत कातडी ओली असायची,
आई मोजे घालून झोपवायची हातांत.
खरूज म्हणायचे गावात. खरूज नव्हती ती.
लग्नात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज शिवलं, थंडीचं निमित्त करून.

आता सासूबाई पथारीवरून आल्या की
मागच्या दारी लुगडं बदलतात,
ते बाहेरच तारेवर ठेवतात,
नळाखाली हात, मान, केसांची मुळं धुतात.
पाणी इतकं गार की दात वाजलेले ऐकू येतात.
मग दारातच उभ्या राहून विचारतात,
"आते लेऊ का त्याले?"
घ्या, म्हणते मी.

एवढंच म्हणते.

रात्री तो झोपल्यावर त्याच्या बरगड्या बघते.
वर, खाली. मिनिटाला बावीस.
माझं बोट चादरीवर
कळ दाबत राहतं.