एकसष्ट जोड

स्काइद्रिते बाईंच्या पेटीत
हातमोज्यांचे एकसष्ट जोड निघाले.
मोजले मीच. चष्मा सापडत नाही म्हणाल्या,
आणि तो होता त्यांच्या डोक्यावर.

अंगठ्याला वेगळी खोली,
बाकीची चार बोटं एकत्र कुटुंबात,
असे ते मोजे.
पाच सुयांवर विणलेले, सुया सायकलच्या तारेइतक्या बारीक.
एकाची नक्षी दुसऱ्यावर नाही:
जुळं कणीस, तिरपा तारा, गवतातला साप,
आणि एका जोडावर काय आहे
ते त्यांनाही सांगता येईना.
त्या हिवाळ्यात अंगठ्याला गळू झालं होतं म्हणे.

सातव्या वर्षी आईने सुया हातात दिल्या.
रुखवत तेव्हापासून सुरू.
नव्या घरातलं कुणी रिकाम्या हाती राहता कामा नये:
एक जोड उंबऱ्याला, एक चुलीला,
विहिरीला, गाईच्या शिंगांना, मधमाश्यांच्या खोक्याला,
सासू-सासऱ्यांना, गाडीवानाला,
वरात अडवणाऱ्या पोरांनाही.

आला होता एकजण, लिएपायाहून.
बोटीवर मेकॅनिक.
जेवला. मोजे उलटेपालटे करून बघितले.
म्हणाला, कारखान्यातले स्वस्त पडतात.
बाईंनी त्याला पिशवीभर बटाटे दिले
आणि बसथांब्यापर्यंतची वाट दाखवली.

त्यानंतर कुणी विचारलं नाही,
आणि सुया काही थांबल्या नाहीत.

या जानेवारीत पेटीला कसर लागली.
एकाच जोडाला, तळाच्या, मनगटापाशी.
उणे एकोणीस होतं बाहेर.
मी टपाल घेऊन गेले तर बाई कोट घालून दारात:
सायकल राहू दे, घसरगाडी काढ. आज वाटप.
नवरा कोण, मी विचारलं.
ते नंतर बघू, म्हणाल्या, आधी गाडीवान.

तेव्हा गाडीवानाचा जोड
सव्वादहाच्या बसच्या गुंडार्सला.
त्याने हात घातले, वळवून बघितले,
आणि दोन थांबे तिकिटं फाडायचंच विसरला.
विहिरीला आता मोटर आहे; मोटरच्या खटक्यावर एक अडकवला.
गाय विकून बारा वर्षं झाली.
शेजारच्या ट्रॅक्टरच्या दोन्ही आरशांवर
शिंगांचे मोजे चढवले,
ट्रॅक्टरवाला खिडकीतून बघत राहिला, काही बोलला नाही.
मीटर वाचायला येणारा. औषधांच्या दुकानातली, जी सुटे पैसे कधी देत नाही.
दुकानामागे चोरून सिगारेट ओढणारी तीन पोरं:
त्यांनी वाट अडवली नव्हती,
बाईच त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या,
हं, अडवा.

वऱ्हाडात मी एकटी,
बर्फात घसरगाडी ओढत,
आणि पुढे बाई, म्हणजे नवरी,
गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधलेली.

सासूचा जोड सगळ्यांत घट्ट विणीचा.
हा कुणाला, मी म्हटलं.
त्यांनी तो स्वतःच घातला.
घरात सासू म्हणून कुणी तरी लागतंच.

मला मिळाला गळवाचा.
डावा अंगठा जरा तिरका बसतो,
पण पत्रांची पेटी उघडताना
नेमका तोच तिरकेपणा कामी येतो.

काल गेले तर रिकामी पेटी अंगणात, झाकण उघडं,
उन्हाला लावलेली.
बाई चुलीपाशी, सुयांवर काळी लोकर.
लग्न लागलं का मग, मी विचारलं.
ओठ हलत होते, टाके मोजत होत्या.
मोजणाऱ्याला मध्ये हाक मारायची नसते, एवढं मलाही कळतं.
ओळ संपली तेव्हा त्यांनी हात पुढे केला,
माझ्याकडून विजेचं बिल घेतलं,
आकडा बघितलाच नाही,
पाठ कोरी आहे ना एवढं पाहिलं
आणि पेन्सिलीने चौकटी आखायला लागल्या.