वाळपई, तीस जुलै

औषधांच्या दुकानावर माझं ऑफिस.
जिना अरुंद, प्रिंटर दमेकरी.
उद्या शेवटची तारीख, म्हणून आज बाकावर
अख्खी सत्तरी, कागद पोटाशी धरून.

घनश्याम गावस उभेच राहिले.
हवालदार, निवृत्त. गाव केरी. वय बेचाळीस.
पासबुकात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ:
छत्तीस हजार, सैनिक कल्याण, शिक्षणासाठी.
"पोराच्या?"
"माझ्या. ग्रंथालयशास्त्र.
सहा-वीसच्या कदंबानं पणजीला जातो.
वर्गात पोरं मलाच सर म्हणतात,
मग खरे सर आले की गोंधळतात.
तर बाय, हे उत्पन्न धरायचं का?"

नाही, म्हटलं. शिकायच्या खर्चाला दिलेले पैसे,
त्यांवर कर नाही. पुढचा कागद द्या.

दिला नाही.
"धरा ना. पेन्शन धरलीत, व्याज धरलंत,
एकशे बारा रुपयेसुद्धा.
ह्यानंच काय पाप केलंय?
कर भरला की पैसा आपला होतो.
नाहीतर घरी काय सांगू,
कुणीतरी दिले?"

वीस वर्षं मी ह्याच्या उलटं ऐकत आलेय.
सूट म्हटलं की ट्रकमालकांचे डोळे लकाकतात.
ह्यांना तो शब्द चावला,
नवा बूट चावतो तसा.
मी खाली पाहिलं. उजव्या चपलेत दोनच बोटं.
बाकीची कुठल्याशा बर्फात,
ज्याचं नाव हा फॉर्म विचारत नाही.

उत्पन्न म्हणजे उगवलेलं, मी म्हणणार होते,
आणि हे तर अजून बियाणंच आहे, गावसबाब,
सतरा वर्षं तुम्हीच राखलेलं.
पण बाकावर कुणीतरी खाकरलं,
खाली पदेराचा भोंगा वाजला,
आणि मी एवढंच म्हणाले:
कायद्याला ह्यातलं काही नको आहे तुमच्याकडून.
"का?"
का, ते माझ्या पुस्तकात नाही.

करमुक्तच्या रकान्यात आकडा टाकला.
त्यांनी स्क्रीनवर बोट टेकून तो दोनदा वाचला.
मोबाइलवर आलेले सहा अंक
हुकूम सोडावा तसे खणखणीत सांगितले.
अख्खा बाक ताठ बसला.

मग तीनशे रुपये मोजून ठेवले.
"पावती?"

मी खण उघडला, दुसरा उघडला.
पावतीपुस्तक सापडेना; कुणी मागतच नाही.
ते थांबले, हात मागे बांधून.

"हे तुमचं उत्पन्न," म्हणाले.
"धरा हं."