लिंडोल

दुसऱ्या पाळीवरून आलो, हात धुतले,
नखातली काळी वाळू निघाली नाही. कधीच निघत नाही.
तेवढ्यात फोन. रेणू म्हणाली,
"पप्पा, आत्ता लिंडोल झाला. छोटाच. जेवलात?"

लिंडोल म्हणजे भूकंप, तिकडच्या भाषेत.
तीन वर्षांत मला त्यातले दोनच शब्द आले,
दुसरा सलामात.

दावावला डॉक्टरकी शिकते ती.
नकाशा उघडला तर बेटं अशी सांडलेली
जसे साचा फुटल्यावर जमिनीवर बिडाचे थेंब.
खाली म्हणे ओतकाम अजून चालूच आहे.

तिच्या उशाशी एक पिशवी असते.
शिट्टी, बॅटरी, पाण्याची बाटली, पासपोर्ट,
आणि आईनं बांधून दिलेला यल्लम्माचा भंडारा.
यादी कॉलेजची. भंडारा यादीत नव्हता.

तसा मी हादऱ्यांचाच माणूस.
उद्यमबागेत सव्वीस वर्षं शेक-आउटच्या जाळीशी उभा,
पेट्या आदळतात, वाळू झडते, कास्टिंग उघडं पडतं,
टाचांपासून दाढांपर्यंत सगळं हलत असतं.
थांबलं की उलट दचकतो, लाइट गेली काय?
खरं तिथल्या हादऱ्याला बटण नाही.

आमच्या येळ्ळुरात भूकंप म्हणजे कोयना.
परशराम हुंदरे सांगतात, पहाटे फळीवरची भांडी वाजली,
त्यांनी अंधारातच मांजराला शिव्या घातल्या
आणि कूस बदलली.
सकाळी रेडिओनं मांजराला निर्दोष सोडलं.

शेजारच्या मशीनवरच्या बसलिंगप्पाला विचारलं,
तुमच्यात भूकंपाला काय म्हणतात?
"भूकंपाने री," तो म्हणाला.
पाट्यांवरून इतकं झालं या गावात,
खरं या शब्दाला कुणी काळं फासलं नाही.
दोघं हसलो.
त्याचा धाकटा यंदा तिकडंच जाणार आहे.

रेणू पावसाळ्यात रोज विचारते,
बळ्ळारी नाला चढला काय?
मी म्हणतो, बांधापर्यंत आहे.
असतं भातात कमरेएवढं,
देवळाचा कट्टा तेवढा वर,
त्यावर चार म्हशी आणि आम्ही.
ती पण मला "छोटाच" म्हणते.
कुठल्या शाळेत शिकली कुणास ठाऊक.

जग तिचं अडीच तास पुढं चालतं.
मी झोपायला टेकतो तेव्हा तिची मध्यरात्र उलटलेली असते,
म्हणजे जे व्हायचं ते झालेलं असावं,
असं काहीतरी डोक्यात बसलंय.
चूक आहे, मला कळतं.
जमीन घड्याळ बघत नाही.

परवा तीनच्या सुमाराला फळीवर वाटी वाजली.
मी उठून बसलो. मंगल पण उठून बसली.
मांजर होतं. खाली उडी मारून गेलंही.
तरी मी फोन लावला.
"पप्पा, झोपा की," ती म्हणाली,
आणि तिच्यामागं कुठंतरी कोंबडा आरवला,
साधा, आपल्याकडचाच वाटावा असा.