कोरी पाठ

काओश्युंगच्या बंदरामागं माझं गॅरेज,
दोन गाड्यांपुरतं; तिसरी आली की पहिली बाहेर.
पोरं येतात ती मागचा भाग कापून घ्यायला:
मडगार्ड नको, कॅरिअर नको, नंबरप्लेट आत सरकव,
शेपटी अशी उचल की उभी गाडी
पळता पळता थांबल्यासारखी दिसेल.
मी करतो. भाडं त्यावरच निघतं.

श्यू-चिन मावशी आली तेव्हा वाटलं, नातवाचं काम असणार.
फिकट हिरवी एकशेपंचवीस, सत्तावीस वर्षांची,
मागं लोखंडी कॅरिअर, त्यावर पेटी,
पेटीला हुक, हुकांना आणखी हुक,
आणि सगळ्यावरून रबरी दोऱ्यांचं जाळं.
"हे काढ," म्हणाली.
"नवीन कुठलं लावू?"
"काही लावू नकोस. साफ कर."

बोल्ट गंजून एकजीव झालेले.
रात्रभर तेल पाजलं, सकाळी ठोकलं,
चौथ्याची मुंडी तुटली, ड्रिल मारावं लागलं.
कॅरिअर निघालं आणि खाली
मूळ रंगाचा चौकोन सापडला,
दुकानातून आणल्या दिवशीचा,
कोवळ्या पेरूच्या सालीसारखा.

मग धरायची दांडी.
तिचा मुलामा फक्त डावीकडं उडालेला,
चार बोटांच्या रुंदीइतका.
मागं बसणारं जे कोण होतं, डाव्या हातानं धरायचं.
मी विचारलं नाही.
मावशी स्टुलावर बसून कलिंगडाच्या बिया फोडत होती.

एकदा आपणहून म्हणाली:
"पहाटे चारला टोफूची दोन पिंपं, आल्याच्या पाकाचं एक.
सातला पोरं, दोन मागं, एक पुढं पायाशी.
पोरं मोठी झाली तर सासू.
सासूनंतर हे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, डायलिसिसला.
मागं कुणी नाही, काही नाही,
अशी ही गाडी मी एकदाच चालवली.
शोरूमपासून घरापर्यंत."

पोरांना वाटतं, काढलं की साफ झालं.
काढलं की भोकं उरतात.
मी मोजली: अकरा.
आतून पत्रा लावला, पुट्टी भरली, घासली,
दोनशेचाळीसनं, सहाशेनं, शेवटी दोन हजारच्या ओल्या कागदानं,
बोट फिरवलं तरी कळू नये
की इथं कधी काही टांगलेलं होतं.
वायरी गुंडाळून सीटखाली घेतल्या,
इंडिकेटर मागच्या दिव्याच्या कुशीत बसवले.
सीट कापून एकट्याची केली.
नंबरप्लेट मात्र कायद्यानं दिसायलाच हवी,
ती आखूड पट्टीवर चाकाजवळ आणली.
"तेवढी राहू दे," म्हणाली,
"आपण आहोत हे सरकारला तरी कळायला हवं."

निघालेलं सगळं भंगाराच्या काट्यावर टाकलं:
नऊ किलो, वर दोनशे ग्रॅम.
ती वाकून आकडा बघत राहिली.
"एवढंच?"

न्यायला आली तेव्हा गाडी दुरून बघितली,
मग रस्ता ओलांडून आणखी दुरून.
बसली. आणि सवयीनं मान मागं वळवली,
नीट बसलात ना, विचारायला.
तोंड उघडलेलं होतं. मिटलं.
किल्ली फिरवली.

आठवड्यानं परत आली ती
कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ घेऊन.
मडगार्ड नसलं की असं होतं, मी आधीच सांगितलं होतं.
"कुठं गेला होता?"
"खनतिंगपर्यंत. समुद्र संपतो तिथवर."
"काय पोचवायला?"
नुसती हसली.
"लहानसं रबर लावून देतो, दिसणारही नाही."
"राहू दे. माझी पाठ कोण बघतंय,"
म्हणाली, आणि लगेच माझ्याकडं पाठ केली:
"बघ रे, सरळ आलीय का?"

मी बघितली.
बरीचशी सरळ होती.