मऊ हात

अमळनेरला एप्रिलमध्ये मैदान फाटतं.
काळी माती, पंजा आडवा जाईल एवढ्या भेगा.
चेंडू नीट घरंगळत येतो, येतो,
आणि भेगेच्या काठाला लागून
एकदम हनुवटीकडे उडतो.
मी तिथेच उभी राहायचे, शॉर्टस्टॉपला,
दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या
सगळ्यात फाटक्या जागेवर.

शिसोदे सरांकडे अकरा चेंडू होते.
त्यातले दोन चांभाराने शिवलेले,
शिवण जाड, हवेत वाकडे जायचे.
सर म्हणायचे, आधी वाकडे शिका,
सरळ तर कुणीही धरतं.
सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत,
शंभर ग्राउंडर. मोजणी ज्याची त्याने, मोठ्याने.
सुटला तर आकडा धरायचा नाही,
म्हणायचं, "अजून एक, सर."
ग्लोव्ह काढायला लावायचे
आणि डाव्या हातात चप्पल.
हो, पायातली चप्पल, तळ पुढे करून.
चप्पल काही मिटत नाही.
चेंडू तिच्यावर आपटतो आणि निघून जातो
दुसरा हात वेळेवर आला नाही तर.
माझा कधीच यायचा नाही.
"दगडाचे हात आहेत तुझे," सर म्हणायचे,
रागाने नाही, कापसाचा भाव सांगावा तसे.

ओठ एकदा फुटला. दोन नखं काळी पडली.
त्याहून वाईट म्हणजे
चेंडू पोचायच्या आधीच मी मान वळवायला लागले.
सगळ्यांना दिसायचं ते.
फर्स्ट बेसवरून तरन्नुम पिंजारी ओरडायची,
"डोळे कुठंयत गं, घरी विसरलीस?"

मे महिन्यात लग्नांच्या ऑर्डरी.
गोकर्णामावशीच्या मदतीला मला धाडलं.
अंगणात तीन चुली, चुलींवर पालथी खापरं.
मावशी पुरण भरलेला गोळा
या हातावरून त्या हातावर घेत होती,
तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत,
आणि गोळा वाढत होता, पातळ होत होता,
पलीकडची चूल दिसायला लागली त्यातून,
तरी फाटेना.
मी करायला गेले. फाटला. पुरण पायावर.
"हात मांगे ले व माय," ती म्हणाली,
"तो खाले येस, तू बी त्यानासंगे खाले जाय.
मांडा काय तुना दुश्मन शे?"

सात मांडे फुकट घालवले मी.
आठवा अर्धा जमला.
तो मीच खाल्ला, आमरसाबरोबर.

दुसऱ्या दिवशी हातात चप्पल घातली.
गुडघे वाकवले, बूड खाली,
चेंडू आला, आणि तो टेकायच्या क्षणी
हात वीतभर मागे घेतले.
आवाज झाला नाही.
म्हणजे झाला, पण तो फटका नव्हता,
गव्हाच्या पोत्यावर कुणी हात ठेवावा तसा काहीतरी.
सरांनी बॅट खांद्यावर घेतली, बोलले नाहीत.
पुढचा जोरात मारला.

आता सगळं सुधारलं असं काही नाही.
धुळ्याच्या स्पर्धेत, सहाव्या इनिंगला,
एक चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला.
साधा, सरळ, एकही भेग नसलेल्या मैदानावर.
एका रनने हरलो.
परतीच्या एसटीत कुणी बोलत नव्हतं.
तरन्नुम शेंगा सोलत होती, आणि एकेक दाणा
न बघता माझ्याकडे उडवत होती.
पारोळा येईपर्यंत मी सगळे झेलले.
ती म्हणाली, "आता कसे येतात गं?"

हल्ली मी भुसावळला असते, मेडिकलच्या दुकानात.
वरच्या फळीवरून बाटली कधी ना कधी निसटतेच.
गिऱ्हाईक दचकतं, डोळे मिटतं.
माझे गुडघे तोवर वाकलेले असतात,
हात तिच्याबरोबर खाली जात,
मान सरळ.

परवा मात्र एक फुटली.
खोकल्याचं लाल औषध, फरशीभर चिकट.
ओल्या फडक्याने पुसता पुसता
तोंडातून आपसूक गेलं,
"अजून एक, सर."