दोन बोटं

मोरजीला सकाळी वारा नसतो,
तेवढ्यात दोऱ्यांचं काम उरकायचं.
रात्रभर चारही गोड्या पाण्यात होत्या,
बालदीच्या तळाला चिमूटभर रेती.

एक टोक फोंडूकाकांच्या होडीच्या उलांडीला अडकवलं
आणि डोळे मिटून चिमटीतून निळी दोरी सोडत गेले.
सातव्या वावेवर
बोटाला केस लागल्यासारखं झालं.
सूत उसवलं होतं. नुसत्या नजरेला
ते दिसलंही नसतं.

गाठ मारणार, इतक्यात
रापणीच्या ढिगाआडून आवाज :
"गांठ मारूं नाका गो!"
जाळ्याला चालते गाठ, काका म्हणाले,
पण मासा म्हणजे वारा नव्हे.
मग स्वतःच आले, जुझेच्या गिटारची
तुटकी तार दुमडून घेऊन.

दोरी आतून पोकळ असते,
हे चार वर्षं पतंग उडवून मला माहीत नव्हतं.
फाटकं कापून टाकलं,
एक टोक दुसऱ्याच्या पोटात
तारेनं वीतभर ओढून घेतलं.
मिठानं चिरलेले त्यांचे अंगठे
इतके सावकाश चालत होते
की मला चहा आणायचं सुचलं.

निळी मापाला आणली.
चारही टोकं जुळवून ताणली, तर लाल,
डाव्या अंगाची, पुढची,
दोन बोटं लांब.

वर्षभर पतंग डावीकडे ओढायचा.
मी आश्वेच्या वाऱ्याला शिव्या घालत होते.

बाराला वारा आला.
पतंग वर गेला, सरळ उभा राहिला,
आणि माझे हात आपले सवयीनं
उजवीकडेच ओढत राहिले.